बाईमाणसासाठी तिसरं रूप

आमच्या ह्यांना माझी सगळी पापं ठाऊक होती — सासूबाईंच्या चहात मी एकदा मुद्दाम मीठ घातलं होतं, तेसुद्धा. हे एक मात्र त्यांनाही कळू दिलं नाही. लेकीला नाही, नातवंडांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. आणि मधेच ‘जाऊ द्या हो आजी’ म्हणायचं असेल तर पान इथंच मिटा. मला ते खपणार नाही.

भंडारा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मी पवनीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. काय थाट होता तेव्हाच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच! साडीला पिना इतक्या की वाकली तर स्वतःलाच टोचून घ्यायची. मान अशी ताठ, जणू डोक्यावर घागर आहे. घागर होतीच म्हणा — रिकामी. इंग्रजीचे गुरुजी गोंदियाकडचे; ते बदली घेऊन आपल्या गावाकडे गेले आणि सातवीचा इंग्रजीचा तास माझ्या गळ्यात आला. मी स्वतः दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली. सांगायचं ना हेडमास्तरांना? छे! ‘घेते की सर, त्यात काय!’

घ्यायची म्हणजे काय — घोकून घ्यायची. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, ईट-एट-ईटन. पोरं झुलत झुलत म्हणायची, मी टेबलावर पट्टीनं ताल धरायची. तीन रूपं, तिन्ही पाठ. पण भूतकाळाची दोन कशाला, दुसरं कुठं वापरायचं, तिसरं कुठं — ते मला तरी कुठं येत होतं?

नेमकं तेच प्रणितानं विचारलं. हातमागावर साड्या विणणाऱ्याची पोर, पहिल्या बाकावर बसायची. ‘बाई, वेंट म्हंजे बी गेला, गॉन म्हंजे बी गेला. मंग दोन-दोन कायले लागते?’

वर्ग हसला. तिला हसला की मला? मला वाटलं — मलाच. ‘माहीत नाही, उद्या सांगते’ — इतकंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का? त्याऐवजी मी ऐटीत म्हणाले, ‘मराठीत गेला आणि गेली असतं की नाही? तसंच ते. वेंट म्हणजे गेला, गॉन म्हणजे गेली. पुरुषासाठी दुसरं रूप, बाईमाणसासाठी तिसरं. कळलं का, शायने?’

कसं सुचलं असेल! आजही हसू फुटतं, आणि लगेच त्या बाईच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते. प्रणिताचा चेहरा मात्र उजळला. तिला पटलं होतं. पटणारच — मराठी पोरीला पटेल असंच खोटं होतं ते.

त्याच वर्षी भंडाऱ्याच्या एका निवासी शाळेची लेखी परीक्षा ती पास झाली. तोंडी तेवढी राहिली. निवड झाली तर दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण फुकट. नाही झाली तर सातवीनंतर घरी आईशेजारी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या — बापानं आधीच सांगून ठेवलेलं. त्याला माग सोडता येईना, म्हणून एसटीनं मी तिला घेऊन गेले. नवी जांभळी साडी नेसून. मिरवायला, दुसरं काय?

तोंडी घ्यायला एक मॅडम होत्या. सकाळी घरी काय काय झालं, त्यांनी इंग्रजीत विचारलं. प्रणिता न अडखळता सांगत गेली. फादर वेंट. मदर गॉन. ब्रदर एट राइस. सिस्टर ईटन राइस. एकही चूक नाही — माझ्या नियमानं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

‘बेटा, असं कोणी शिकवलं तुला?’

तिनं माझ्याकडं पाहिलं. घाबरून पाहिलं असतं तर सोसलं असतं मी. तिच्या डोळ्यांत भरवसा होता — बाई आता सांगतील.

आणि बाई — म्हणजे मी — म्हणाले, ‘मी तर रोज घोकून घेते हो मॅडम. हिचंच ध्यान राहत नाही. बह्याड आहे, जराशी वेडगळ.’

वर हसले. हो, हसले.

मग मॅडमनी तिला समजावलं: पुरुष असो की बाई, वेंट एकटं चालतं, गॉनला सोबत हॅज, हॅव नाही तर हॅड लागतं. मी मान डोलवत होते, जणू आईच्या पोटातूनच शिकून आले होते. कळत होतं आयुष्यात पहिल्यांदा — आणि तेही त्या पोरीचा बळी देऊन.

दुसऱ्या दिवशी वर्गात खरा नियम शिकवला. मागून कोणीतरी पुटपुटलं, ‘बाईनंच तं सांगतलं होतं...’ मी पट्टी उचलली.

निकाल लागला. तिचं नाव नव्हतं. तिचा बाप शाळेत आला, तसाच मागावरून उठून, सदऱ्याला सुताचे तंतू चिकटलेले. हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. पण पोरीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

‘बाई, तुमी येवढी मेहनत घेतली, सोबत गेल्या. पोट्टीनं तुमचं नाव खराब केलं. माफ करा तिले.’

प्रणिता त्याच्या मागं उभी होती. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही.

‘असू द्या,’ मी म्हणाले. ‘केलं माफ.’