होडीवाली

माझी नात बारावीची परीक्षा देऊन माझ्याकडे कांदिवलीला राहायला आली, ती नोकरी शोधायलाच. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसं नर्सिंग होम आहे, तिथे पेशंटची उठबस करायला, भरवायला मुलगी हवी होती. पुढे तिला नर्सिंगलाच जायचं होतं. ॲडमिशन होईपर्यंत हाताला काम आणि चार पैसे, एवढाच हिशेब.

माझी लेक, म्हणजे तिची आई, वाकोल्याहून फोनवर पढवत होती. "दोन वर्षं राहीन म्हणून सांग. कोण बघायला येतंय? जुलैमध्ये द्यायचं सोडून. सगळ्या तेच करतात."

सगळ्या तेच करतात, हे खरंच आहे हो. मी फक्त नातीला विचारलं, "तुला आजोबांची होडीवाली आठवते का गं?"

ती चहाची कपबशी विसळत राहिली.

आमच्या ह्यांचं अर्धं अंग गेलं तेव्हा पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून एक मुलगी यायची. हे कुणाच्या हातून जेवत नसत, माझ्यासुद्धा. ती चमचा पुढे करून म्हणायची, "आजोबा, होडी इली, बंदर उघडा!" मालवणचा माणूस, बंदर म्हटल्यावर तोंड उघडायचाच. आणि एका सकाळी ती आलीच नाही. ब्यूरोवाल्याने सांगितलं, तिचं कॉलेज सुरू झालं. तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. सांगितलं असतं तर काम मिळालं नसतं, म्हणून गप्प बसली बिचारी. मी तिला दोष देत नाही. पण हे दाराकडे बघत बसायचे. मी चमचा नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. होडी होडी मीही करून बघितलं, पण छे. शेवटी नाकातून नळी घालावी लागली, ती मग निघालीच नाही. नात तेव्हा शाळेत होती. सुट्टीत यायची, सगळं बघायची.

मुलाखतीला मी सोबत गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोकणातली ना तू? मग आधी सांग, गणपतीला गावी जाणार? इथे सगळ्या नाही म्हणतात आणि चतुर्थी आली की सगळ्यांच्या आज्या आजारी पडतात." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तर ठणठणीत दिसता."

मी हसले. नात नाही हसली.

"गणपतीला मी गावी नसेन, सिस्टर," ती म्हणाली. "पण इथेही नसेन. जुलैअखेर नर्सिंगला जाणार आहे."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी तुला का घेऊ? शिकवण्यातच महिना जाणार माझा."

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. पण खुर्चीवरून उठली नाही.

सिस्टरांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर माझे कायमचे म्हातारे आहेत. त्यांना मी तुझी सवय लावणार नाही. खाली ऑपरेशनवाले असतात, चार दिवसांत घरी जातात. तिथे बदलीवर ये. कुणी रजेवर असेल त्या दिवशी बोलवीन. महिन्याचा पगार नाही, आलीस त्या दिवसाचा रोज मिळेल."

आली होती पक्क्या कामाला आणि मिळाली बदली. लेक फोनवर कडाडली, "आई, तू तरी गप्प करायचं होतंस तिला! वाट लावली स्वतःची!" मी फोन कानापासून लांब धरला.

आठवड्यातले निम्मे दिवस बोलावणं यायचं. बाकीचे दिवस ती घरात चिडचिडायची. मलाही कधी कधी वाटायचं, खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

जूनमध्ये एकदा ती कामावरून आली, पाय धुतले आणि माझ्याशेजारी बसली.

"आज वर पाठवलं होतं मला. एका आजोबांची नेहमीची बाई आली नव्हती. दोन्ही वेळा मीच भरवलं."

"मग?"

"आधीच सांगितलं, आजोबा, मी आजच्यापुरतीच हां. उद्या तुमची बाई येईल."

"आणि त्यांनी तोंड उघडलं?"

"उघडलं की. आधी थोडा विचार केला त्यांनी. मग उघडलं."

ह्यांची कॉट होती तिथे आता शिलाई मशीन आहे. मी तिकडे बघत बसले. नात उठून पानं वाढायला गेली.