अंगाला लागलेलं पाणी

रुग्णालयात त्या नर्सबाईला सगळे वजनताई म्हणत. हृदय कमजोर झालेला पेशंट घरी गेला, की दर तीन दिवसांनी सकाळी हिचा फोन हजर. "आज किती भरलं?" गोळ्या, मीठ, पाणी यांची चौकशी नंतर, आधी काट्यावर उभे राहा. कुणी थापा मारायला गेलं तरी उपयोग नसे, कारण घरच्या बायकांना तिने आधीच फितवलेलं असायचं.

शिंपीमास्तरांना घरी सोडून आठवडा झाला होता. त्या सकाळी फोन मास्तरीणबाईंनी उचलला. "ताई, तीन दिवसांत दोन किलो! घरचं अंगाला लागलं बघा. यांची तब्येत सुधारली हो!"

वजनताईच्या हातातला चहा तसाच राहिला. हेच शब्द तिने एकदा आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते, आणि आठवड्याभरात वडील गेले होते. आवाज मात्र तिने कसाबसा ताब्यात ठेवला. "मास्तरांना बसवून ठेवा. मी आलेच."

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मास्तर स्वतःच्याच पँटची कंबर उसवत बसले होते. "दोन बोटं सैल करतोय," ते धापा टाकत म्हणाले. "माणूस भरला, की कपड्यानं ऐकायला नको?"

"माणूस नाही भरला, मास्तर. पाणी भरलंय. हृदय थकलं, की ते अंगात साठतं." तिने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

मास्तरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "आणि मी मेली खूश होत होते!"

"चूक माझी. वजन वाढलं तर लगेच कळवा म्हटलं, का ते सांगायचं राहिलं. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून तर वेळेत आले."

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुपारी मास्तरांना तपासलं, लघवीची गोळी वाढवली, आणि पुन्हा भरती व्हायचं टळलं. चार दिवसांत दोन्ही किलो उतरले. तेव्हापासून मास्तर रोज सकाळी वजन झालं, की घोट्यालाही टेप लावतात आणि मापाच्या वहीत लिहून ठेवतात.

पुढच्या भेटीला वजनताई आली, तेव्हा मास्तर तीच कंबर पुन्हा आत घेत होते. तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक हळहळलं, "अरेरे मास्तर, केवढे वाळलात!"

आतून मास्तरीणबाई ओरडल्या, "तुमच्या तोंडात साखर पडो!"