बाबांचे हेझलनट

बाबांना हृदयाचा झटका येऊन गेल्यावर नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी रोज थोडा सुकामेवा खायला सांगितला. जर्मनीत नोकरीला असलेल्या भावानं हेझलनटची दोन पाकिटं पाठवली. यातलं तेल हृदयाला चांगलं असतं, असं तो फोनवर म्हणाला. मी एक पाकीट बरणीत ओतून गॅसजवळच्या फळीवर ठेवलं. आमच्या घनसावंगीचा अख्खा उन्हाळा ती बरणी तिथंच राहिली.

एका सकाळी बाबांना देताना मी एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. पार खवट झाला होता.

"बाबा, कधीपासून असे लागू राह्यलेत हे?"

"झाले असतील पंधरा दिवस. मला वाटलं, औषधावानी हे बी कडूच राहत असंल."

डॉक्टरांना फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

"एवढ्यानं काही होत नाही," ते म्हणाले. "पण ते फेकून द्या. तेल जास्त असतं त्यात, गरमीनं लवकर खवट होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवत जा."

न फोडलेलं पाकीट मी लगेच फ्रीजमध्ये ठेवलं. बाबा आता बरे आहेत. तरी त्यांच्या हातावर दाणे ठेवण्याआधी एक मी चावून बघते, आणि ते हात पुढे करून थांबतात.