गेनूकाकांनी पाहिलेली लेणी

हे लिहिताना हात अडखळतो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नाही, आणि मी कॉलेजात जातो म्हणून मला लिहिताही येत असणार, असं गावाने धरून टाकलं आहे. तसं काही नाही. निबंधाला मला कधी चांगले गुण पडलेले नाहीत. शिवाय ज्या माणसाविषयी लिहायचं त्याला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे मी कुठे चुकलो, हे तो मला सांगू शकणार नाही. पण आमच्या रावेत गावात दुसरं कुणी लिहिणारं नाही. उणंअधिक झालं तर वाचकांनी पोटात घालावं.

गेनूकाका आमचे शेजारी. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदा येतात ते दगडाला कान लावूनच. वाटेत बरासा दगड दिसला की ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे आणि वाकून ऐकायचे. आमच्या दारातल्या धुण्याच्या दगडालाही त्यांनी एकदा असंच वाजवलं होतं.

"काय म्हनतोय, भावजी?" आईने थट्टेने विचारलं.

"लई आपटता म्हनतोय, वैनी. पर आतून धड हाय."

आतून धड असणं ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट. दगडाच्या पोटात शीर असली, म्हणजे बाहेरून न दिसणारी चीर, तर तो भद्द वाजतो. धड असला तर खणखणीत. गावात कुणाची सोयरीक ठरली की काका हमखास विचारायचे, "पोरगा वाजवून घेतला का?"

ते जातीचे पाथरवट. पाटे, जाती, देवळाच्या पायऱ्या हे त्यांचं काम. पण पुढे बरीच वर्षं मी त्यांना खडी फोडतानाच पाहिलं. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती; माझे वडील आणि ते तिथे एकाच ढिगावर असायचे. नक्षी काढणाऱ्या हातांनी आठ वर्षं दगडाचे नुसते तुकडे केले. त्याला कारण एक नंदी.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. महादेवापुढचा जुना नंदी झिजून नुसता गोटा राहिला होता, म्हणून गावाने काकांना नवा घडवायला सांगितलं. काका सहा महिने त्यावर बसून होते. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं. डाव्या कानामागचा एक घाव तेवढा त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता, चार माणसांसमोर मारायला. पाटील आले, गुरव आले, आम्ही पोरं तर सकाळपासून तिथेच होतो. "बघा आता," काका म्हणाले आणि त्यांनी हातोडा उचलला. रोज दगड वाजवल्याशिवाय कामाला हात न घालणारा माणूस त्या दिवशी वाजवायचं विसरला. कान मुळातून सुटून खाली पडला.

गुरवांनी तो तुकडा उचलून कपाळाला लावला आणि हळूच म्हणाले, "गेनबा, खंडित झाला रं. पूजेला चालायचा न्हाई." संध्याकाळी तीन बैलजोड्या लावून नंदी ओढत नेला आणि पवनेच्या डोहात सोडला.

त्यानंतर काकांनी छिन्नीला हात लावला नाही. दसऱ्याला त्यांची बायको, सरूकाकू, आढ्यावरचं गोणपाटाचं बोचकं खाली काढून छिन्न्यांना हळदकुंकू वाहायच्या; तेवढा वेळ काका बाहेर पारावर जाऊन बसायचे. गावात कुणाच्या हातून काही फुटलं की "गेनूचा नंदी झाला" असं म्हणायची रीत पडली. काका ते ऐकून हसायचे. "चला, लोकास्नी म्हन तरी घडवून दिली," म्हणायचे. काकू मात्र हसायच्या नाहीत.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी काकांचा खोकला वाढला. खडीची धूळ छातीत बसली आहे, जपून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा काकूंनी मला चुलीजवळ बोलावून घेतलं. "दत्तू, तू शिकल्याला हाईस. तुझं ऐकत्याल. मरायच्या आदी एकदा, एकदाच, त्यांनी छिन्नी धरावी. न्हाईतर ह्यो मानूस त्यो नंदी उरावर घिऊनच जायचा." मी मान हलवली. पण असल्या गोष्टी कशा बोलायच्या हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काकांपाशी मी तो विषय काढलाच नाही.

कॉलेजात इतिहासाच्या सरांनी काम दिलं: मावळातली बौद्ध लेणी पाहून या आणि जे डोळ्यांना दिसेल तेच लिहा, पुस्तकातलं उतरवू नका. पुस्तकातलं उतरवणं सोडून मला दुसरं काय येत होतं? दगडातलं कळणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. मी काकांना विचारलं.

"लेनी म्हंजी पांडवांनी केली ती?"

"नाही काका, तो मठ होता. भिक्खू राहायचे तिथं. दोन हजार वर्षं झाली. सगळा डोंगरात कोरलेला."

"नुस्त्या छिन्नीनं?"

"हो."

दुसऱ्या दिवशी काका कामावरून आले ते सरळ आमच्या दारात. "कवा निघायचं, बालिष्टर?"

एका रविवारी आम्ही चिंचवडला गाडीत बसलो, कामशेतला उतरलो आणि बेडशाची वाट धरली. सपाटीला काका बरे चालले. चढावर मात्र दर वीस पायऱ्यांना त्यांना बसावं लागायचं. त्यांचा तो खोकला ऐकून मला अपराधी वाटायला लागलं.

"काका, परत जाऊ या. मी लिहीन कसंतरी."

"गप रं. दोन हजार वर्सं थांबलंय ते. आनखी घडीभर थांबंल."

वर दोन कातळांमधून अरुंद बोळ आहे. त्यातून आत गेलं की एकदम आभाळाला टेकलेले खांब दिसतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि त्यांवर बसलेली माणसं. मी वही काढून खांब मोजायला लागलो. काकांनी चपला काढल्या, पण वर पाहिलंच नाही. ते भिंतीशी गेले आणि आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तशी भिंत चाचपू लागले.

"दत्तू, हिकडं ये. ह्यो गडी डावखुरा व्हता. घाव बघ, समदे उलटे कललेत." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "ह्यो नवशिका. छिन्नी लई घट धरलीया. आन् ह्ये बघ, ह्ये जेवून आल्यावरचं काम. सुस्तावलाय लेकाचा."

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या मोजणीत नुसते खांब होते. काका मात्र माणसं भेटल्यासारखे हिंडत होते.

शेजारच्या विहारात भिक्खूंच्या खोल्या आहेत, झोपायला दगडी ओटे आहेत. तिथेच एका बाजूला एक खोली सुरू करून सोडून दिलेली होती. दाराची चौकट नीट तासलेली, पण आत हातभर कोरल्यावर काम थांबलेलं. मागच्या कातळातून तांबूस रेघ तिरकी उतरली होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. काकांनी पेराने वाजवलं. भद्द.

"शीर लागली," ते म्हणाले. मग त्यांनी पलीकडच्या पुऱ्या खोलीच्या भिंतीवरून बोटं फिरवली आणि एकदम माझा दंड धरला. "त्योच हाय रं! चुकला, तरी बाजूला सरकून दुसरी खोली घेतली."

"तोच कशावरून?"

"आरं, डावखुरा न्हाई का!"

मग ते पुन्हा त्या अर्धवट खोलीपाशी आले. "बुजवली न्हाई. लपवली बी न्हाई. येत्या-जात्याच्या डोळ्यांदेखत हाय. आन् ह्या साधूंनी त्याला हाकलला न्हाई." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लेन्यांत कुनाची नावं लिवल्याली आसत्यात म्हनं?"

"दान देणाऱ्यांची."

"कारागिराचं?"

"नाही, काका." हे सांगताना का कोण जाणे, मलाच लाज वाटली.

काका हसले, खोकला येईपर्यंत हसले. "बरं हाय की. नाव न्हाई, तर बोल बी न्हाई."

भाकरी आम्ही तिथेच खाल्ली. काका त्या हातभर खोलीत पाय पोटाशी घेऊन बसले होते. "हितं कुनी ऱ्हायलं आसंल का रं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अर्धवट खोलीत कोण राहणार?" ते म्हणाले, "मी ऱ्हायलो आसतो."

कामशेत स्टेशनावर गाडीची वाट पाहताना काका अचानक म्हणाले, "त्या दिशी त्यानं घरी जाऊन बायकूला काय सांगितलं आसंल?"

मी लेख लिहिला. डावखुऱ्या कारागिराचंही लिहिलं. सरांनी तिथे तांबड्या शाईने रेघ मारून शेजारी विचारलं होतं: "आधार काय?" मला धीर झाला नाही. वर्गात उभं राहून मी म्हणायला हवं होतं, आधार गेनूकाका, रावेत. मी ते वाक्य खोडलं आणि गुण घेतले. ह्या लिहिण्यामागे तीही एक टोचणी आहे.

पुढे मी पुण्याला वसतिगृहात राहायला गेलो. सुट्टीत गावी गेलो की काका विचारायचे, "अजून कुठं डोंगर कोरल्याला हाय का?" पण छिन्नीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. काकूंच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळत होतो.

परवा माझा शेवटचा पेपर झाला. बाहेर आलो तर फाटकाशी वडील उभे. ते पुण्याला सहसा येत नाहीत.

"पेपर झालं समदे?"

"झाले."

"मंग सांगतो. गेनू गेला. पंधरा दिस झालं. तुला कळवू नगा म्हनला व्हता, परीक्षा हाय म्हनून."

मी तिथेच पायरीवर बसलो. वडीलही शेजारी बसले आणि सावकाश सांगू लागले. दिवाळीनंतर काकांनी आपल्या हाताने आढ्यावरचं बोचकं खाली काढलं होतं. खाणीतून एक दगड आणवला, तीन दिवस नुसता वाजवला आणि घरामागे कामाला बसले. वीस घाव घालायचे, दम खायचा, पुन्हा वीस घाव. बघायला कुणाला येऊ द्यायचे नाहीत; काकूंनासुद्धा नाही. काकू भिंतीआड बसून नुसता आवाज ऐकायच्या. मला पाठवायच्या पत्रात यातलं काही लिहायचं नाही, असं काकांनी वडिलांना बजावलं होतं.

"नंदी झाला," वडील म्हणाले. "मान, वशिंड, पाय, समदं झालं. डावा कान तेवढा राखला व्हता. तिथं दगूडच हाय अजून. त्याच्या आदीच गेला."

"मग?"

"मंग काय, पाटील म्हनलं, ह्याचं करायचं काय? गुरवांना बोलावलं. गुरव घटकाभर बघत बसलं. मंग म्हनलं, ह्यो खंडित न्हाई, अपुरा हाय. अपुऱ्याला दोष न्हाई." वडिलांनी उपरण्याने तोंड पुसलं. "सोमवारी महादेवाफुडं बसवला. पयलं पानी सरूवैनीनं घातलं."