तपासणीला आलेली पाहुणी

लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या आमच्या घरातली ती सकाळ मला अजूनही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवते. जाळीच्या पडद्यातून कोवळं ऊन येत होतं. आई निळी रेशमी साडी नेसून सोफ्यावर बसली होती. नेसवली मी होती, पाऊण तास लागला. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती; हुक लावणं सोडाच, नळसुद्धा फिरवता येत नव्हता.

सरकारी मदतीसाठी आम्ही अर्ज केला होता. ती मिळाली तर सकाळी आईसाठी एक बाई ठेवता येणार होती आणि माझी सुपरमार्केटमधली नोकरी टिकणार होती. तिचं सगळं आवरून निघायला मला रोज उशीर व्हायचा, मॅनेजरने दोनदा समज दिली होती. आज तिला काय जमतं, काय नाही याची तपासणी करायला सरकारकडून एक बाई घरी येणार होत्या.

"आई, जे जमत नाही ते सरळ सांग हं," मी बजावलं.

"सांगते गं. पण घरी येतायत, त्यांना खायला काय देणार?"

बाई आल्या. गोड होत्या बिचाऱ्या. "कॅन यू ड्रेस युअरसेल्फ?" त्यांनी विचारलं. आईने पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "यस, यस." आंघोळ? "यस." स्वयंपाक? "ऑफ कोर्स!" मी तोंड उघडलं तर तिने डोळे वटारले. परक्या माणसासमोर रडगाणं गायचं नाही, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं.

मग मला काही कळायच्या आत ती उठून किचनमध्ये गेली. महिनाभर जिला किटली उचलता आली नव्हती, ती चहा घेऊन आली. दोन्ही तळहातांत कप धरून, हळूहळू, कार्पेटवरचा उन्हाचा पट्टा ओलांडत. किती वेळ गेला कोण जाणे. घरात आवाज नव्हता, नुसती वाफ वर जात होती. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिने असंच चालत राहावं असंही वाटत होतं.

पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारणं: पोशाख नीटनेटका, चहा स्वतः केला, कप स्वतः आणला.

"चहा आवडला का, ते नाही लिहिलं?" आईने विचारलं.

मला हसू फुटलं, आणि मग मी तिच्यावर खेकसले. एवढा श्रीमंत देश, पण मदत हवी तर आधी आपली लाज टेबलावर काढून ठेवावी लागते. आणि माझी आई टेबलावर चहा ठेवत होती!

आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. दुसऱ्या बाई आल्या. या वेळी आई गाऊनमध्येच होती. मी तिला उठू दिलं नाही, त्यांना साधं पाणीही विचारलं नाही. पहिल्याच प्रश्नाला तिने माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग," म्हणाली.

मी सांगितलं. तिच्या अंगावर पाणी कोण घालतं, बाथरूमपर्यंत कधीकधी कसं पोचता येत नाही, मग काय होतं. सगळं इंग्रजीत, तिच्यादेखत. तीस वर्षं इथल्या लॉन्ड्रीत काम केलेल्या माझ्या आईला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

मदत मंजूर झाली. आता सकाळी बाई येते, माझी नोकरीही टिकली. पण त्या दिवसापासून आई आपणहून सोफ्यावरून उठलेली नाही.

"अगं, दारापर्यंत तरी चालून बघ ना," मी म्हणते.

"तूच नाही का सांगितलंस, मला जमत नाही म्हणून," ती म्हणते. रागाने नाही. तिला ते पटलंय.