पोरीचं तोंड

माझी विधवा नणंद नसती तर मी आज या घरात नसते, माझी मुलगीही नसती. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मला कडू व्हायला होतं आणि त्या कडवटपणात तिचं नाव मागे पडेल, अशी धास्ती वाटते. मी तिला वन्सं म्हणायची. इकडे सासरी, आदिलाबादजवळच्या जैनथला, असं कुणी म्हणत नाही, म्हणून सगळे हसायचे. ती हसली नाही.

माझं गाव तिकडे इचलकरंजीजवळ. आई-वडील लवकर गेले, सहावीत शाळा सुटली. मामा ट्रकवर होता, आदिलाबादचा कापूस तिकडच्या गिरण्यांना न्यायचा. त्यानेच हे किराणा दुकानाचं घर पाहिलं आणि लग्न इकडेच उरकून टाकलं. धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला, त्याला सुटी मिळाली नाही. माझ्या माहेरचं म्हणून मामाशिवाय एक तोंड या लोकांनी पाहिलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं ते बरं असतं, हे मला नंतर कळलं. तिथे बायका पाळण्यात वाकून म्हणतात, मामावर गेली, आजावर गेली, आणि पोर कुणाचं तरी होऊन जातं. माझी मुलगी सासरी जन्मली. इथे सगळ्यांची तोंडं लांबट, नाक धारदार. हिचं कपाळ रुंद, नाक बसकं, डोळे एकमेकांपासून लांब, हनुवटीला खळी. माझ्यासारखीही नव्हती, कारण मी आईवर गेलेली. पहिल्याच दिवशी मी ओळखलं, हे माझ्या वडलांचं तोंड.

"मेलेल्या मान्साचं नाव घेनं सोपं हाये," सासूबाई म्हणाल्या. "फोटो दाखव ना मंग."

फोटो कुठला? वडलांनी जन्मात कधी काढला नव्हता.

शेजारणी यायच्या, दुपट्याचं टोक उचलून पाहायच्या. "काऊन वं, दुकानात माल भरनारे लय येतात नाई तुमच्याकडे?" एकीने विचारलं आणि बाकीच्या हसल्या. नवऱ्याने मुलीला घेणं सोडलं. बारसं पुढे ढकललं. कापूस निघाला की हिला हिच्या गावी टाकून येऊ, असं आतल्या खोलीत ठरलं. मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानेच ठरलं.

त्याच हंगामात हैद्राबादकडची कॉलेजातली माणसं चावडीवर तोंडं मोजायला आली. शाळेतल्या कंपासासारखं, पण टोकं आत वळलेलं लोखंडी माप होतं. नाकाची रुंदी, गालाची हाडं, हनुवटीपर्यंतची लांबी, सगळं मोजायचे. गावभर झालं की हे माप लावलं की पोर कोणाचं ते कळतं. सासूबाईंनी मुलीला उचललं, मला पुढे घातलं आणि चावडी गाठली.

"मोजा न बाई. आमच्या घरची हाये का नाई, सांगा."

मोजणारी बाई आधी हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि माप खाली ठेवलं. हिंदीत समजावून म्हणाली, "यावरून एका मुलीचं काही सांगता येत नाही. पुष्कळ लोक मोजले की या मुलखात नाकं साधारण कशी, त्या मुलखात कशी, एवढंच दिसतं. आणि एका गावातही किती तऱ्हा असतात! नाक एकीकडून येतं, हनुवटी दुसरीकडून. आजोबांचं आईत दिसत नाही, नातीत दिसतं. हिच्या माहेरची माणसं पाहिलीत का?"

"थे कोन पाह्यले? लय दूर हाये."

"मग अर्धी मुलगी तुम्ही पाहिलीच नाही."

मला वाटलं, सुटले. पण घरी येईपर्यंत सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं, "मशीननंबी नाई म्हटलं." माप मुलीला लागलंसुद्धा नव्हतं.

वन्सं चुलीपाशी बसून ऐकत होती. मला हळूच म्हणाली, "तुया भाऊ कोनावर गेला वं?"

"वडलांवर."

"मंग त्याले बोलाव ना."

"काय कळवू? बहिणीवर आळ आहे म्हणून?"

तिने भाऊ कुठे कामाला आहे तेवढं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी बासरला देवीला जाते म्हणून निघाली. नांदेडच्या पलीकडे कधी न गेलेली बाई विचारत विचारत इचलकरंजीला पोचली आणि माझ्या भावाला मागावरून उठवून घेऊन आली.

तो दारात उभा राहिला आणि ओटीवरची बडबड थांबली. तेच कपाळ, तेच नाक, तीच खळी. सासऱ्यांनी त्याला पाणी दिलं. सासूबाई म्हणाल्या, "असा भाऊ होता तं पहिलेच काऊन नाई आनला?" बस. चुकलं असं कुणी म्हटलं नाही, आजतागायत नाही.

बारसं झालं. नाव आत्याने ठेवायचं असतं. आत्या सख्खी, घरात हजर, पण विधवा. म्हणून भीमपूरहून एक चुलत आत्या आणली. वन्सं आत पुऱ्या तळत बसली. पुढच्या महिन्यात तिला बासरजवळच्या मुधोळला तिच्या दिराकडे धाडलं. खोटं बोलून एकटी फिरली, घराचं नाक कापलं, हे कारण. ती तिथेच आहे, दुसऱ्यांची भांडी घासत.

मुलगी आता परकर नेसते. नवरा तिला सायकलवर बसवून शाळेत सोडतो, जणू कधी काही झालंच नाही. मी मात्र अजून कुणी तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं की घाबरते.

वन्सं, माझ्या हातात आज काही नाही. पण या घरात कधीतरी माझा शब्द चालेल. त्या दिवशी मी स्वतः मुधोळला येईन आणि तुम्हाला परत आणीन, आणि या घरात पुढचा पाळणा हलेल तेव्हा बाळाच्या कानात नाव तुम्हीच सांगाल.