थोरल्या जावेचा प्रॉम्प्ट

गाद्यांच्या कारखान्यात जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या बाईंना, त्यांची धाकटी जाऊ तिथे कामाला येईपर्यंत, सगळे 'मॅडम' म्हणत. धाकटीने पहिल्याच दिवशी दारातून मोठ्याने विचारलं, "जाऊबाई, माझं टेबल कुठलं हो?" झालं. आठवडा संपायच्या आत साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांच्याच त्या जाऊबाई झाल्या. इतक्या वर्षांची मॅडमकी एका हाकेत गेली. थोरलीने तोंड उघडून कुणाला काही म्हटलं नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. तिने फक्त त्या दिवसापासून धाकटीला चहाला हाक मारणं बंद केलं. धाकटीच्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचा थोरलीला आणखी राग आला.

थोरली ही कमी बोलणारी आणि जास्त अपेक्षा ठेवणारी बाई. घरात तिला काही हवं असलं तर ती मागत नसे, समोरच्याने ओळखावं असं तिला वाटे. ओळखलं नाही की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आदळत. नवरा बिचारा सवयीने त्या आवाजावरून अंदाज बांधायला शिकला होता. कामात मात्र ती चोख. पहिल्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं. खाली आवारात गुंडाळलेल्या गाद्या ट्रकमध्ये चढत, आणि त्या प्रत्येक गादीच्या कोपऱ्याला शिवलेल्या पट्टीवरचा 'ओली करू नये, घडी घालू नये' हा मजकूरसुद्धा तिचाच असे. विभागप्रमुख निवृत्त होणार असं कळलं तेव्हा ती खुर्ची आता आपलीच, हे तिने मनाशी धरून टाकलं. साहेबांना मात्र तसं कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? दिसत नाही का माणसांना?

धाकटी बरोबर उलट. मनात आलं की ओठावर. "मी दमले बाई," असं म्हणून ती भर दुपारी आडवी व्हायची, आणि सासूबाई तिला काही बोलायचं सोडून उलट तिच्या अंगावर पांघरूण घालायच्या. थोरलीच्या डोळ्यांत ते पांघरूण कायम खुपत आलं होतं. तिने स्वतः आयुष्यात कधी दुपारी पाठ टेकली नव्हती. टेकली असती तर कुणी पांघरूण घातलं असतं का, हे तपासून बघायची तिची छाती नव्हती.

मुलं हाताशी आली तशी धाकटीला नोकरी करावीशी वाटू लागली. सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात बघ की हिच्यासाठी." थोरलीला ते मुळीच नको होतं. तोंडाने ती म्हणाली, "मला काय, येऊ दे की." असा तिने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आणि मग ऑफिसात एआय आलं. जाहिरातीचा मजकूर आता ते लिहून देणार, आपण फक्त त्याला काय हवं ते सांगायचं. त्या सांगण्याला म्हणे प्रॉम्प्ट म्हणतात. साहेबांनी काटकसर म्हणून अख्ख्या विभागाला मिळून एकच खातं घेतलं. संगणकाच्या पडद्यावर डाव्या बाजूला सगळ्यांची संभाषणं एकाखाली एक दिसत, आणि कुणीही कुणाचंही उघडून वाचावं. घरातल्या सगळ्यांनी एकच टॉवेल वापरावा तसला प्रकार.

थोरलीने पहिल्या दिवशी त्याला लिहिलं, 'पाठीसाठी असलेल्या गादीची चांगली जाहिरात लिही.' उत्तर आलं, 'स्वप्नांच्या मऊशार दुनियेत आपलं स्वागत आहे!' थोरलीने नाक मुरडलं आणि लिहिलं, 'अजून चांगली लिही.' उत्तर आलं, 'स्वप्नांच्या अधिक मऊशार दुनियेत आपलं हार्दिक स्वागत आहे!' तिने पडदा बंद केला. याला काही येत नाही, असा तिने निकाल देऊन टाकला, आणि मनातून तिला बरंही वाटलं.

पण दोन टेबलं पलीकडे धाकटी त्याच एआयकडून उश्यांची जाहिरात करून घेत होती, आणि ती अशी आली: 'उशी चपटी झाली की आपण तिची घडी घालून डोक्याखाली घेतो. किती दिवस?' साहेब खुर्चीतून उठून धाकटीच्या टेबलापाशी आले. "वा! हे असं पाहिजे," म्हणाले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ते साहेब इतक्या वर्षांत तिच्या टेबलापाशी कधी उठून आले नव्हते, कायम तिला बोलावून घेत.

त्या संध्याकाळी घरी भांडी आदळली. नवऱ्याने विचारलं, "आज कुणावर?"

"त्या एआयवर. तिला लिहून देतं, मला देत नाही."

"तू त्याला सांगितलंस काय?"

"चांगली लिही म्हणून सांगितलं."

"चांगली म्हणजे कशी?"

"एवढंही कळू नये का?"

नवरा हसला. "अगं, आमच्याशी वागतेस तशीच त्याच्याशीही वागतेस तू. आम्हाला निदान भांडी ऐकू येतात. त्याला तीही येत नसणार."

थोरली त्याच्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलली नाही. बोलणं खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं होतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी दोघींना बोलावलं. नवी गादी बाजारात येणार होती, चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी. "दोघी वेगवेगळी जाहिरात करा. शुक्रवारी बघू. आणि खरं सांगायचं तर खुर्चीचंही त्याच दिवशी ठरवू म्हणतोय." थोरलीला क्षणभर नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. खुर्चीसाठी परीक्षा? आणि तीही हिच्याबरोबर? धाकटी मात्र खुशीत म्हणाली, "मजा येईल हो जाऊबाई!"

गुरुवारपर्यंत थोरलीच्या हाती मऊशार दुनियेपलीकडे काही लागलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, आणि खोलीत एकटी उरल्यावर तिने जे करायचं नाही असं स्वतःला दहादा बजावलं होतं तेच केलं. डाव्या बाजूच्या यादीतून धाकटीचं संभाषण उघडलं. हिची युक्ती तरी काय आहे, ते एकदा बघायचं होतं.

धाकटीने पानभर लिहिलं होतं. 'ही गादी कुणासाठी आहे ते नीट समजून घे. ही बाई घरात सगळ्यांच्या आधी उठते. तिची पाठ दुखते, पण ती सांगत नाही. खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावून उठते, आणि कुणी बघत असेल तर हात लावत नाही. कुणी 'बसा जरा' म्हटलं की तिला तो टोमणा वाटतो. तिची कीव करू नकोस, तिला सल्ला देऊ नकोस. 'मला नवी गादी नको' असं ती म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस.'

थोरली खुर्चीतून उठली. टेबलाला हात लावून उठली, आणि तो हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. संताप अनावर झाला होता. ही रोज आपल्याकडे बघत होती तर! आपली पाठ हिने बाजारात मांडली! तिला धाकटीची बॅग उचलून खिडकीतून गाद्यांच्या ट्रकवर भिरकावून द्यावीशी वाटली. पण वाचणं काही थांबवता येईना. स्वतःबद्दल लिहिलेलं कुणाला सोडवतं?

खाली एआयने लिहिलेल्या जाहिराती होत्या, आणि प्रत्येकीखाली धाकटीचं उत्तर. 'नाही. फार गोड झालं. ती अशी नाही.' मग पुन्हा, 'नाही. हिला तू बिचारी करून टाकलंस. ती अशी नाही.' पुन्हा पुन्हा तेच. धाकटीचंही घोडं अडलं होतं. थोरलीला ते बघून जो आनंद झाला तो काही सज्जनाचा नव्हता.

आणि घोडं कुठे अडलंय हे तिला लख्ख दिसलं. धाकटीने तिची पाठ पाहिली होती, पोटात काय आहे ते पाहिलं नव्हतं. लिहिलेली बाई फारच भली होती. पाठदुखीसाठी नवी गादी घेईल अशी खरी बाई नव्हतीच मुळी. ती मरेपर्यंत जुन्यावर झोपली असती. थोरलीने रागारागाने नवं संभाषण उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी ओळखायची वाट न बघता, सगळं लिहून काढलं.

'ही बाई भली वगैरे नाही. तिच्या धाकट्या जावेवर ती जळते. ती जाऊ दुपारी झोपते, 'मी दमले' म्हणते, आणि तरी सगळ्यांना आवडते. हिला कधी 'मी दमले' म्हणताच आलं नाही. ही गादी ती दुखणं थांबावं म्हणून घेणार नाही, जावेला मिळतं ते आपल्यालाही मिळावं म्हणून घेईल. लिहिताना गोड बोलू नकोस. झोप, स्वप्न, मऊ हे शब्द नकोत. पाठीचं नाव काढू नकोस, चारचौघांत दुखणं काढलेलं तिला खपत नाही. फार लांबवू नकोस. वाचून तिला वाटलं पाहिजे, अगं बाई, हे यांना कसं कळलं?'

उत्तर आलं: 'ती सकाळी एवढी ताजीतवानी कशी असते? तिला विचारायला तुमची जीभ रेटणार नाही. म्हणून आम्हीच सांगतो.'

थोरली एकटीच मोठ्याने हसली. मग मजकूर उतरवून घेऊन, पदार्थ जमलेल्या सुगरणीच्या तोऱ्यात जेवायला खाली गेली.

आता दुसऱ्याच्या संभाषणात डोकावून आलेल्या बाईला आपलंही तिथे उघडं पडलंय हे सुचायला नको का? नाही सुचलं. त्यातून एआयची एक खोड होती. प्रत्येक संभाषणाला ते रात्रीतून आपल्या मनाने नाव देई आणि यादीत वर ठेवी. शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी आपापले पडदे उघडले तेव्हा सगळ्यांच्या यादीत नाव झळकत होतं: 'धाकट्या जावेबद्दलचा मत्सर आणि गादी'. जाहिरातींची चित्रं काढणारा डिझायनर मान खाली घालून खोकत होता, आणि त्याला खोकला झालेला नव्हता. थोरलीने यादी पाहिली आणि तिचे कान तापले. धाकटी आपल्या टेबलाशी बसून वाचत होती. तिने वर पाहिलं नाही.

बैठकीत साहेबांनी दोन्ही जाहिराती वाचल्या. थोरलीची पुन्हा वाचली. "हीच जाणार," ते म्हणाले. "चौकाचौकात हीच लागणार. जाऊबाई, कमाल केलीत." साहेबांनी चष्मा काढला. "खुर्ची मात्र हिच्याकडे देतोय. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडून हे एकदा निघालं, आणि तेही राग आला तेव्हा. तिला रोज काढता येतं, आणि बाकीच्यांना शिकवताही येईल. काय हवंय ते ती सांगते. तुम्हाला ही खुर्ची हवी होती, हे तरी मला कधी बोललात?"

टेबलावर थोरलीचीच ओळ होती, मोठ्या अक्षरांत, आणि लोक अभिनंदन करायला धाकटीकडे वळत होते.

संध्याकाळी सुटल्यावर धाकटी फाटकाबाहेर थांबली होती. दोघी नेहमी बरोबरच घरी चालत जात. थोरली जवळ आली तशी ती म्हणाली, "तुम्हाला ती खुर्ची हवी होती, तर मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

धाकटीने प्रामाणिकपणे विचार केला. "नसती सोडली. मलाही हवी होती. पण मग आपण नीट भांडलो तरी असतो."

आवारातून शेवटचा ट्रक बाहेर पडत होता, म्हणून दोघी भिंतीकडे सरकल्या. तो निघून गेला. मग थोरली बोलली, आणि तिचा आवाज भररस्त्यात फुटला तरी ती थांबली नाही.

"मला फार वाईट वाटलंय. तुझा हेवा वाटतोय, आणि तो उद्याही वाटणार आहे. ती खुर्ची माझी होती. माझी समजूत घालू नकोस. घरी सासूबाईंपुढे माझं कौतुक करू नकोस, आणि माझ्या वाटची कामं उरकून मोठेपणाही दाखवू नकोस. मला चार दिवस दे. मग मीच तुझ्याशी बोलेन."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मान हलवली.

दोघी चालू लागल्या. आणि ती बडबडी धाकटी घर येईपर्यंत खरोखर एक अक्षर बोलली नाही.